कुंदाताईंचा एकटीचा संघ

कुंदाताईंची आणि माझी पहिली भेट वरवंडच्या शाळेच्या मैदानावर झाली. नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. "नाचाचा कार्यक्रम आहे, जाऊन या," एवढंच आमच्या वृत्तपत्राच्या संपादकांनी सांगितलं होतं. संस्कृत पाठशाळेत शब्दरूपं घोकून वाढलेल्या माणसाला अशा कामावर धाडण्यात त्यांची विनोदबुद्धी असावी.

ताई रंगमंचावर आल्या आणि गाण्याविनाच नाचू लागल्या. रचनाच तशी होती. आवाज काय तो श्वासाचा आणि पावलांचा. मैदानाला वाटलं, मशीन बिघडलं. "अय, जनरेटर बघ रं!" "वायर निघाली आसंल!" साउंडवाले आप्पा शेवटपर्यंत वायरी हलवत राहिले. ताई थांबल्या नाहीत. नंतर एका आजींनी त्यांचा हात धरला. "गाणं बंद पडलं तरी निभावलंस गं बाई."

"गाणं नव्हतंच, आजी."

"आत्ता गं बया! मंग येवढा येळ कुणाच्या आधारानं नाचत व्हतीस?"



ताई दौंडच्याच, वडील रेल्वेत गार्ड. मुंबईत आधुनिक नृत्य शिकून त्या नावारूपाला आल्या, वडिलांच्या आजारपणात परतल्या आणि ते गेल्यावरही इथंच राहिल्या. रेल्वे कॉलनीजवळच्या हॉलमध्ये त्यांनी 'उंबरा' हा नृत्यसंघ काढला. रविवारी आमच्या शिरूरला येऊन त्या शिकवत. मी कोपऱ्यात बसून असे. "शास्त्रीबुवा, तुमचा कणा म्हणजे अव्यय. कशानंच वाकत नाही," हे त्यांचं माझ्याविषयीचं मत आजही कायम आहे.

नाच बसवण्याची त्यांची रीत इथल्या जगण्यातून आलेली. कारखान्यात शिफ्टला जाणारी मुलं आणि कांदा काढायला जाणाऱ्या मुली एका वेळी कधी सापडत नसत. मग जो आला नसेल त्याची जागा मोकळी ठेवून ताई बाकीच्यांना नाचवत. "तो तिथं आहे असं समजून वळ. अंगावर जाऊ नकोस त्याच्या!" पुढे कुणाला लांब नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं. मुलं पांगली. ताईंनी त्यांच्या जागा कधी भरल्या नाहीत.

सुनीता ही त्यांची सर्वांत तयार विद्यार्थिनी. ती लग्न होऊन पाबळला गेली, तेव्हा ताई मला घेऊन तिच्या सासरी गेल्या. सासूबाईंनी दारातच निकाल दिला. "च्या घ्या बाई. पण तिचं नाचणं आता सरलं."

"बरं. पण सकाळी पाठ तेवढी ताणू द्या तिला. हंडे उचलून कंबर जाते."

"व्हय? माजी तर कवाच गेली."

ताईंनी पदर खोचला आणि सासूबाईंना पडवीतच आडवं करून दोन व्यायाम शिकवले. सुनीता परत आली नाही. सासूबाईंची कंबर मात्र सुधारली. परतीच्या एसटीत मी यावर विनोद केला. ताई खिडकीबाहेर पाहत होत्या.

नंतर मुंबईच्या एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. संघात तेव्हा ताईंखेरीज दोघंच उरले होते. "तुम्ही एकट्याच या," संयोजक म्हणाले. ताईंनी नकार दिला. मी रागावलो, तर म्हणाल्या, "एकटी गेले तर संघ संपला, हे मीच सांगून आल्यासारखं होईल, शास्त्रीबुवा."

आता ते दोघंही संघात नाहीत. रोज सकाळी ताई हॉल झाडतात, दार उघडं ठेवतात आणि एकट्याच नाचतात. नसलेल्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून वळतात. हे मी पाहिलं आहे.

आज ताई साठ वर्षांच्या झाल्या. थोरांसाठी शंभर शरद मागावेत, हे पाठशाळेत आम्हाला शिकवलं. ते कुणाच्या सोबतीनं काढायचे, तेही मागावं, हे शिकवायचं राहिलं. मी दोन्ही मागतो. ताईंना निरोगी शतायुष्य लाभो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत. आणि हा गौरवग्रंथ हाती घेतलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला सकाळची सवड असेल, तर त्यानं दौंडला जावं. हार नेऊ नये. चपला बाहेर काढाव्यात आणि आपल्या जागेवर उभं राहावं.