वामनकाकांचा हात

वैशालीचा फोन आला तेव्हा मी हिवाळा संपला म्हणून गाडीचे विंटर टायर काढून घ्यायला टायरवाल्याकडे रांगेत बसले होते. "बाबा गेले गं. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. समोरचा माणूस माझ्या गाडीची किल्ली मागत होता आणि मला त्याचं एकही अक्षर कळत नव्हतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी एटोबिको उपनगरातल्या त्यांच्या टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये आम्ही तीसेक जण जमलो. प्रत्येक जण वामनकाकांबद्दल काही ना काही बोलला. कुणाचा ड्रायर त्यांनी दुरुस्त केला होता, कुणाला नागपुरी वडाभात खाऊ घातला होता. मग एक गृहस्थ म्हणाले, "आयुष्यभर लोखंडाशी खेळलेला माणूस, पण शेवटी हातानंच दगा दिला. थरथर सुरू झाली आणि सगळं सुटलं बिचाऱ्यांचं." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांची मुलगी वैशालीसुद्धा डोळे पुसत 'हो' म्हणाली. मी हातातल्या कागदी कपाकडे बघत बसले. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

वामन राऊत नागपूरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि एकुलत्या एका मुलीनं त्यांना इकडे आणलं. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीशी बसून काढला. बर्फ वितळल्यावर, कचऱ्याच्या दिवशी, शेजाऱ्यानं फुटपाथला काढून ठेवलेलं वॉशिंग मशीन त्यांनी पाहिलं आणि त्यांना राहवेना. स्क्रू न काढता मशीन फेकून देणं म्हणजे त्यांच्या मते केस न विंचरता घराबाहेर पडण्यासारखं होतं. ते मशीन त्यांनी ढकलत गॅरेजमध्ये आणलं आणि दोन दिवसांत त्याचं तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं, पत्रा वेगळा करून रचून ठेवलं. त्यानंतर त्यांना उसंत म्हणून नव्हती. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या गोऱ्या बायकासुद्धा जुना डिशवॉशर त्यांच्या दारात आणून ठेवायला लागल्या. महिन्यातून एकदा भंगारवाल्याची पिकअप येऊन सगळं घेऊन जायची.

मी त्यांच्या समोरच्या ओळीत राहते. तीन वर्षांपूर्वी माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेली. दिवसभर अप्लाय करायचं आणि नकाराच्या ईमेल वाचायच्या, याचा मला इतका उबग आला होता की एका दुपारी मी सरळ त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन म्हटलं, "काका, मला काहीतरी तोडायचंय."

ते हसले नाहीत. त्यांनी मला आधी अंगठ्या काढायला लावल्या, मंगळसूत्र टीशर्टच्या आत घालायला लावलं, केस बांधायला लावले. चष्म्यावरून चढवायचा जाड गॉगल दिला. मग अर्धा तास नुसती हत्यारं दाखवली. छिन्नीचं डोकं मार खाऊन छत्रीसारखं पसरलं असेल तर ती हातात घ्यायची नाही, त्या कडेचा कपचा उडून डोळ्यात जातो. स्क्रूड्रायव्हर हा स्क्रूड्रायव्हर आहे, पहार नाही. पाना आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही, कारण ढकलताना नट अचानक सैल झाला की बोटं थेट पत्र्याच्या धारेवर जातात. मला हे सगळं ऐकायचा कंटाळा येत होता. मी मुळात तापट आणि उतावळी, कोडमधली चूकसुद्धा टेस्टिंगमध्ये बघू म्हणणारी. पहिल्याच दिवशी छिन्नी नीट बसेना म्हणून मी छिन्नीलाच नावं ठेवली, तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. घाई कायले करून राहिली? मशीन मेलेलं आहे, ते कुठं पळून नाही जात."

त्यांचा एकच प्रश्न असायचा, प्रत्येक घावाआधी: "सुटलं तर कुठं जाईल?" हत्यार हातातून सुटणारच आहे असं धरून चालायचं, आणि ते ज्या वाटेनं जाईल त्या वाटेवर कुणाचं अंग नाही ना, हे बघून मगच हात उचलायचा. उत्तर दिल्याशिवाय ते मला घाव घालू देत नसत. आणि एकदा उत्तर दिलं की पुन्हा विचारत नसत. वर्कशॉपमध्ये 'हो' म्हणालेल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं ते मानायचे.

दीड वर्षापूर्वीची खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची, तशीच ती गॅरेजमध्ये व्हायची. मी उत्साहानं म्हटलं, यंदा सगळी तयारी माझी. ग्रोसरीतून शेवंतीची कुंडी आणली, हत्यारं घासली आणि आमच्याकडे पूजेतल्या विळीला करतात तसा सगळ्यांना खोबरेल तेलाचा हात फिरवला. लोखंडाला फिरवला तसा लाकडी दांड्यांनाही फिरवला. नागपूरहून सामानातून आणलेल्या त्यांच्या हातोडीचा बाभळीचा दांडा असा चकाकला की मी फोटो काढला. काकांनी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि मग दांड्यावरून बोट फिरवून म्हणाले, "छान दिसून राहिली. पण कामाला घ्यायच्या आधी कोरड्या फडक्यानं पुसशील अन् खडूची पूड चोळशील."

दसरा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही एका वॉशिंग मशीनचा ड्रम घेऊन बसलो. त्याच्या बुडातलं बेअरिंग गंजून घट्ट बसलं होतं. वैशाली ऑफिसच्या कामानं बाहेरगावी, कनाटाला गेलेली. मला बारा वाजता एका कंपनीशी बोलायचं होतं, पहिल्यांदाच कुणीतरी मला इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या फेरीला बोलावलं होतं, आणि त्याआधी ते बेअरिंग मला बाहेर काढायचंच होतं. काकांनी विचारलं, "दांडा पुसला?"

मी पुसला होता. हाताला आलं त्या फडक्यानं, म्हणजे ज्यानं तेल लावलं होतं त्याच. खडू शोधायलाही मी उठले नाही. मी म्हटलं, "हो."

ड्रम डगमगत होता. मी दोनदा घाव घातला, दोन्ही वेळा तो गडगडला आणि मी चिडले. तेव्हा काकांनी कधीच न केलेली गोष्ट केली. ते पलीकडे गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी ड्रम धरला. माझ्या हातोडीच्या अगदी वाटेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं असावं... मी थांबले नाही. सगळा जोर लावून हात खाली आणला आणि अर्ध्या वाटेत माझ्या मुठीत काहीच उरलं नाही.

आवाज दोन झाले. एक ड्रमच्या कडेचा आणि दुसरा बारीक, काचेचा.

काका मागे पडले नाहीत. गुडघ्यावरच बसून राहिले, डावा तळहात डोळ्यावर दाबून, आणि बोटांमधून रक्त मनगटावर यायला लागलं. मी ओरडत त्यांच्याकडे धावले तर म्हणाले, "छिन्नी खाली ठेव आधी." माझ्या दुसऱ्या हातात अजून छिन्नी होती. मी ती ठेवली. मग त्यांनी स्वच्छ टॉवेल मागितला.

हॉस्पिटलपर्यंतची ती वीस मिनिटं मला आजही मिनिटामिनिटानं आठवतात. टॉवेल लाल होत होता. त्याच्याखाली डोळा आहे की नाही, हे मला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. दर सिग्नलला मी त्यांच्याकडे वळायचे आणि ते दुसरा डोळाही मिटलेला ठेवून म्हणायचे, "माझ्याकडे नको, रस्त्याकडे पाय." एमर्जन्सीत आत नेईपर्यंत तास गेला. माझा फोन बारा वाजता वाजला, वाजून बंद झाला. मनात मी एकच आकडा मोजत होते, एक डोळा की दोन.

आत नेण्याआधी ते म्हणाले, "वैशालीले मी सांगतो. माझ्या हातून सुटली. तू गप राहशील."

"पण काका, मी..."

"हाताखालच्याचा अपघात म्हणजे मिस्त्रीचा अपघात. आमच्याकडे तसंच होतं. फडकं मी पाहायला पाहिजे होतं."

डोळा वाचला. गॉगलची काच तडकली, भुवई फाटली, सात टाके पडले. गॉगल नसता तर काय, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितलं. संध्याकाळी वैशाली धावत आली आणि काकांनी शांतपणे खोटं सांगितलं. मी तिथेच उभी होते. ती रडली, चिडली, आणि म्हणाली, "दॅट्स इट, बाबा. तुमचे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. गॅरेज बंद."

हे काकांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली तेव्हा चार दिवस बोलणी खाण्यापुरती घेतली होती. गॅरेजला कुलूप लागलं आणि ते निघालंच नाही. मी एकदा म्हटलं, मी वैशालीला खरं सांगते. ते म्हणाले, "राहू दे. एकदा सांगितलं ते सांगितलं." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. वैशाली माझी इथली सर्वांत जवळची मैत्रीण, तिच्या बापाचा डोळा मी जवळजवळ फोडलाच होता हे तिला कसं सांगणार? त्या 'राहू दे'च्या आडोशाला मी दीड वर्ष लपून राहिले. मधल्या काळात मला नोकरीही लागली आणि त्यांच्याकडे न जायला कामाचं निमित्तही मिळालं.

वैशाली प्रेमानंच वागत होती. तिनं त्यांना भाजी चिरू दिली नाही, चहाचा कप अर्धाच भरून द्यायला लागली, बर्फ शोव्हल करायला तर बाहेरच जाऊ दिलं नाही. आल्यागेल्याला सांगायची, बाबांचे हात थरथरतात. शेवटची भेट फेब्रुवारीतली. मी तिळाच्या वड्या द्यायला गेले होते. काका खिडकीशी बसले होते. त्यांनी उजवा हात समोर धरला, बोटं पसरली आणि विचारलं, "मुक्ता, ह्या हाताकडे पाय बरं. थरथरून राहिला का हा?"

हात पाटावर ठेवल्यासारखा स्थिर होता. मी म्हटलं, नाही काका, अजिबात नाही. ते त्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वैशाली म्हणते." ज्या माणसाला सगळं खरं माहीत होतं त्यालाही आता शंका येत होती... तेव्हा तरी मी स्वयंपाकघरात वैशालीकडे जाऊन बोलायला हवं होतं. मी वड्यांचा डबा ठेवला आणि घरी आले.

तेराव्यानंतरच्या त्या रविवारी सगळे गेल्यावर मी वैशालीला म्हटलं, गॅरेज उघडतेस? तिला वाटलं, मला आठवण म्हणून काही हवंय. दिवा लावला. धूळ साचली होती, पण भिंतीवरची हत्यारं त्यांनी लावली तशीच होती, प्रत्येकाची धार भिंतीकडे, म्हणजे अंधारात कुणी हात घातला तरी कापू नये. तिथे उभं राहून मी सगळं सांगितलं. फडक्यापासून.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आय टुक अ नाइफ आउट ऑफ हिज हँड, मुक्ता. लिंबू चिरत होते. पाहुण्यांसमोर. ते काही बोलले नाहीत."



मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं नंतर बघू, मला आत्ता जमणार नाही. त्या तीस लोकांना काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, एकेकाला फोन करते. "फोन नको. लिही. बाबा आपल्या मराठी पेपरची रविवारची पुरवणी अक्षरन् अक्षर वाचायचे. तिथे लिही." मग ती उठली आणि दिवा तसाच ठेवून आत गेली.

त्याला आता तीन आठवडे झाले. तिचा अजून फोन नाही, पण गॅरेजचं दार रोज संध्याकाळी उघडं असतं. माझ्या खिडकीतून हत्यारांची ती भिंत दिसते.

वामन राऊत यांचा हात शेवटपर्यंत स्थिर होता. हातोडी माझ्या हातातून सुटली.