उमाटे सरांनी एकदाच सांगितलं होतं

उमाटे सर गेल्याची बातमी मला आर्वीच्या बसस्टँडवर कळली. वर्ध्याहून येऊन गाडीतून उतरतच होतो, तर कंट्रोलरनं खिडकीतून हाक मारली. "सर, तुमाले मालूम नाई का? उमाटे सर गेले. सकाळीच." एवढं बोलून तो पुलगाव गाडीची घोषणा करायला वळला आणि माइकवर त्याचा आवाज फुटला. हा कंट्रोलर कॉलेजात असताना पोलीस व्हायचं म्हणून हटून बसला होता. सरांनी त्याला नाही म्हटलं नाही, की हो म्हटलं नाही. ओळखीच्या जमादारांना चिठ्ठी लिहिली आणि त्याला एक दिवस पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसवलं. संध्याकाळी पोरगा परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. म्हणाला, "सर, तिथं दिवसभर कोणी हसलंच नाई." सर म्हणाले, "मंग आता जिथं हसतात तिथं बसून ये." अशा रीतीनं तो एसटीत गेला. तिथं तरी कोण फार हसतं म्हणा... पण त्याची तक्रार नव्हती.

सर आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. पण भूगोलापेक्षा आम्हाला ते आठवतात ते मार्गदर्शन खोलीमुळे. खोली म्हणजे खेळाच्या सामानाच्या खोलीचा अर्धा भाग, मधे एक कपाट आडवं लावलेलं. पलीकडून फुटबॉलच्या कातड्याचा वास यायचा. सत्तरच्या दशकात करिअर हा शब्दसुद्धा आमच्याकडे पोचला नव्हता. आमच्यासारख्या पोरांना बी.ए. झाल्यावर काय, असं विचारलं की आम्ही 'सर्व्हिस' म्हणायचो. कुठली, ते घरच्यांनाही माहीत नसायचं. बापाच्या डोक्यात खुर्ची असायची आणि आईच्या डोक्यात महिन्याचा पगार, बस. सर समोर बसवून पहिल्यांदा मार्क विचारत नसत. कोणी न सांगता तू कोणतं काम करतोस, हे विचारायचे. कोणी म्हणे गुरांचं, कोणी म्हणे लोकांची पत्रं वाचून दाखवतो. सर ते रजिस्टरमध्ये लिहायचे आणि मग चिठ्ठी द्यायचे. सेलूच्या गुरांच्या दवाखान्यात, तलाठ्याकडे, पोस्टात, सरकारी दवाखान्यात... "त्या मानसाजवळ एक दिवस बसून ये. त्याच्यासंग जेव. घरी जाताना त्याचं तोंड कसं दिसते, ते पाहून ये."

एक मुलगी नर्सिंगचं म्हणत होती. दवाखान्यात रक्त पाहून ती चक्कर येऊन पडली. आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी ती आली नि म्हणाली, "सर, मी अजून एक दिवस जातो." आज ती जिल्ह्याच्या दवाखान्यात सिस्टर आहे आणि माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी मीच तिच्यासमोर चक्कर येऊन पडलो. मला स्वतःला वकील व्हायचं होतं. वर्ध्याच्या कोर्टात एका वकिलाजवळ दिवस काढला आणि समजलं की मला भांडण जिंकायला नाही, समजावून सांगायला आवडतं. म्हणून मी मास्तर झालो. पुढं त्याच कॉलेजात लागलो, आणि सर निवृत्त झाल्यावर ती खोलीही माझ्याकडे आली.

सरांचा एक नियम होता. काय करावं ते ते कधी सांगत नसत. पोरं रडकुंडीला यायची, "सर, तुम्हीच सांगा ना." सर म्हणायचे, "मी सांगितलं तर ते मायं होते. मंग पस्तावायचं झालं तरी तुले मले विचारा लागेल." हा नियम त्यांनी माझ्या माहितीत एकदाच मोडला. आणि तो मोडायला लावणारा मी होतो.

नामदेव माझा वर्गमित्र, नाचणगावचा. शेजारच्या गिरणीचा भोंगा ऐकतच मोठा झालेला. स्वभावानं इतका गरीब, की समोरच्याला वाईट वाटेल म्हणून त्यानं आयुष्यात कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नसेल. सरांनी त्याला चार ठिकाणी पाठवलं आणि चारही ठिकाणांहून तो एकच उत्तर घेऊन आला. "चांगलंच वाटते सर." तलाठ्याकडेही चांगलं, कापसाच्या जिनिंगमध्येही चांगलं. फक्त एका खेड्यातल्या शाळेतून आला तेव्हा तो जरा जास्त बोलला. तिथल्या मास्तरांनी त्याला दुपारी चौथीचा वर्ग दिला होता, आणि संध्याकाळी पोरं त्याला बसपर्यंत सोडायला आली होती. सरांनी ते लिहून घेतलं. आणखी एकदा शाळेत बसून ये, असंही सांगितलं. पण त्याच आठवड्यात पेपरात कापडाच्या डिप्लोम्याची जाहिरात आली. फॉर्मला चार दिवस राहिले होते. नामदेवचे वडील येऊन बसले होते, "गुरुजी, लवकर काय होईल ते सांगा." नामदेव नुसता सरांच्या तोंडाकडे पाहत होता. मग मीच म्हणालो, "सर, त्याचं त्याला ठरवता येणार नाही. एकदा सांगून टाका ना." सरांनी समोरचं रजिस्टर मिटलं. म्हणाले, "टेक्स्टाइलले जा."

नामदेवच्या चेहऱ्यावर केवढा आनंद पसरला होता! आता त्याला कशाची काळजी नव्हती. डिप्लोमा झाला, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गिरणीत सुपरवायझरची नोकरी लागली, लग्न झालं. दर दिवाळीला तो सरांकडे फराळाला यायचा. मी मनातून खूश असायचो. सरांना उगाच अडून बसायची सवय आहे, असंही एकदोनदा कॉलेजात बोलून दाखवलं.

दहा-बारा वर्षांनी ती गिरणी बंद पडली. नामदेव नाचणगावला परत आला. शाळांमध्ये खेटे घातले, पण बी.एड. नाही, वय गेलेलं. शेवटी एका कापड दुकानात गादीवर बसून ठाण मोजू लागला. त्याच सुमाराला सरांना अर्धांगाचा पहिला झटका येऊन गेला होता. नामदेव मला स्टँडवर भेटला आणि म्हणाला, "सरांले भेटून येतो, अरुण." मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "आता जाऊ नको. तुझं ऐकलं तर ते मनाला लावून घेतील. तुझं थोडं स्थिर होऊ दे, मग जा." नामदेवनं लगेच मान हलवली. त्यानं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं, मी फार शहाणपणा केला.

सरांची माझी शेवटची भेट झाली ती त्यानंतर दोनेक वर्षांनी, ते जायच्या महिनाभर आधी. उजवा हात चालत नव्हता. बोलणं समजायला वेळ लागायचा. तरी कॉलेजचं विचारलं, पोरांना पाठवतोस का, कोण कुठे बसून आलं, सगळं विचारलं. मग म्हणाले, "नामदेव येत नाई."

"कामात असतो, सर."

"रागावला असन."

"छे, सर. छान चाललंय त्याचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगा खोटं सांगायला लागला की ते असेच पाहायचे, काही न बोलता, त्याला स्वतःहून खरं बोलायला वेळ देत. मी पंख्याकडे पाहिलं. त्यांनी मग चहाचं काढलं.

अंत्ययात्रेला सगळं गाव लोटलं होतं. पोस्टातले, दवाखान्यातले, ग्रामसेवक, कंडक्टर. कोण कुठं लागलं आहे, हे तिथं उभ्या उभ्या मोजता आलं असतं. नामदेव दिसला नाही. त्याला उशिरा कळलं होतं. तेरवीनंतर काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, भेटायला गेलो. त्या सहज बोलून गेल्या. "गिरणी बंद पडल्याची बातमी पेपरात आली, तवापासून रोज विचारत. नामदेव आला का? दार वाजलं की मान वळवत. मी म्हटलं बोलावून घ्या. तर म्हणत, मी कोणत्या तोंडानं बोलावू, त्याले वाटलं तर तो येईल." मी घोटभर पाणी प्यालो.

परवा दुपारी नामदेव मार्गदर्शन खोलीत आला. सोबत सगळ्यात धाकटी बहीण सुशीला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिला पुढं काय करायचं, ते विचारायला. केस पिकलेत त्याचे. मी सुशीलाला रजिस्टर देऊन बाहेर व्हरांड्यात लिहायला बसवलं. इकडचं तिकडचं झालं. मग धीर करून विचारलं, "नामदेव, सरांवर राग होता का रे तुझा?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही भलतंच बोललो होतो.

"काऊन राग? सरांनी सांगितलं ते बराबरच होतं. बारा वर्सं सायबासारखा राह्यलो मी. बहिणींचे लग्न झाले त्याच्यात. गिरणी बंद पडली, त्याले सर काय करतीन? हेच सांगाले येत होतो मी त्यांले. दोनदा घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलतो. पन तू म्हटलं होतं ना, जाऊ नको... म्हटलं अरुण म्हणते तर बराबरच असन."

पलीकडे पोरं फुटबॉल न्यायला आली होती, त्यांचा गलका चालला होता. एवढंच एक वाक्य होतं. ते ऐकायला सर दोन वर्षं दाराकडे मान वळवत होते, हा सांगायला कोपऱ्यापर्यंत येत होता, आणि मधे मी उभा होतो. तेही सगळ्यांचं भलं करतोय असं समजून. आता हे वाक्य घेऊन मी कुठे जाऊ?

नामदेवनं रुमालानं तोंड पुसलं. आवाज खाली करून म्हणाला, "एक विचारू का अरुण? खरं सांगजो. दुसऱ्या कोनाकडून सरांले शेवटपर्यंत मालूम तं नाई पडलं ना, माह्यं काय झालं ते?"

मी त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगायची ही शेवटची संधी आहे, हे मला कळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "काहीच माहीत नव्हतं."

"बरं झालं," नामदेव म्हणाला. "मले तेवढीच भीती होती."