बद्रीनाथची टपाची गाडी आणि चांदपाशाची शिवण

आमच्या ह्यांच्या हातून, म्हणजे बद्रीनाथच्या हातून, उभ्या जन्मात चूक अशी कधी झालीच नाय. भाजी खारट लागली तर मीठच भेसळीचं. गाडी बंद पडली तर पेट्रोलवाला चोर. फेटा सुटला तर वारं वाईट. लग्न होऊन मी द्वारकाबाई ह्या छावणीच्या वस्तीत आले तेव्हापासून हेच ऐकतेय, कान किटले माझे.

गाडी म्हणजे टपाची मोटार. कापडी टप घडी करून मागं टाकला की गाडी उघडी, वर ओढला की बंद. पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराच्या घरचं सामान विकायला निघालं, त्यात माझ्या सासऱ्यांनी ती घेतली. सासरे गेले अन् गाडी ह्यांच्या हातात आली. हे ती वरातीला द्यायचे. छावणीत म्हणा, कन्नडकडं म्हणा, लग्न ठरलं की लोक आचारी नंतर बघायचे, आधी बद्रीभाऊची गाडी. नवरा-नवरी मागच्या शिटावर, पुढं बँड, अन् हे गुलाबी फेटा बांधून मुंगीच्या पावलानं गाडी चालवायचे. गाडीला रोज आंघोळ, मग ह्यांना चहा. मला ताप आला तरी ह्यांनी कपाळाला हात लावून बघितलं नसेल, पण गाडीचं बॉनेट गरम झालं की जीव खालीवर.

टप शिवायचा चांदपाशा. छावणीच्या बाजारात बँडवाल्यांच्या ओळीत त्याचं दुकान, टप अन् मोटारीच्या गाद्या शिवायचं. ह्यांचा लंगोटीयार. दोरा मेणात घोळून घोळून वापरायचा, म्हणून त्याची शिवण पावसाला दाद द्यायची नाय. त्याची बायको सगीरा अन् मी, आमचं विरजण एकमेकींच्या घरून चालायचं. त्यांची एकच लेक, राहत. ती एवढीशी होती तेव्हापासून, हे गाडी धुवायला लागले की मागच्या शिटावर चढून बसायची, दुपट्टा डोक्यावरून ओढून नवरी व्हायची. हे म्हणायचे, "राहत, तुझी रुखसत, तुझी पाठवणी, ह्याच गाडीतून. काकाचा शब्द हाय." आम्हाला मूलबाळ नाय. हा शब्द गंमतीचा नव्हता, हे मला ठाऊक होतं अन् राहतलाही.

राहतचं लग्न श्रावणातलं ठरलं. अन् त्याच वर्षी ज्येष्ठात ह्या गाडीनं आमचं तोंड काळं केलं.

कन्नडच्या काकासाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. गाडी आदल्या दिवशीच जाऊन मंडपाबाहेर उभी राहिली. रात्रभर पावसानं झोडपलं. टप वर ओढलेला होता, त्यामुळं हे निवांत घोरत पडले. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, लग्न लागलं, ह्यांनी घाईत टप मागं टाकला अन् न चाचपताच शिटावर नवी चादर अंथरली. नवरी बसली अन् किंचाळून उठली. शालू मागून चिंब, वर शिटाचा लाल रंग त्याला लागलेला. खाली पाय ठेवायच्या जागेत पाण्याचं तळं. नवरीची आई रडायलाच लागली, अपशकुन झाला म्हणून. वरात शेवटी ट्रॅक्टरवर निघाली.

पुढच्या आठवड्यात काकासाहेब तणतणत छावणीत आले. भर बाजारात ह्यांना धरलं. "बद्रीभाऊ, लेकीच्या लग्नात हसं केलंत आमचं!"

आता अशा वेळी शहाणा माणूस हात जोडून मोकळा होतो. पण ह्यांचे हात जोडले जातील तर शपथ! समोर चांदपाशा मशीनवर बसला होता. हे त्याच्याकडं बोट करून म्हणाले, "मला काय विचारता? ह्याला विचारा. ह्याची शिवण गळते. मेण वाचवलंय लेकानं."

बँडवाल्यांची तालीम चालली होती, तीसुद्धा थांबली. मेण वाचवलं म्हणजे काय? म्हणजे बेईमानी केली. लंगोटीयारानं, साऱ्या बाजारासमोर.

चांदपाशा उठून उभा राहिला. "मेरेकू चोर बोल्या तू, बद्री? ठीक हाय. राहतची रुखसत रिक्षातून होईल, बैलगाडीतून होईल, पायी होईल. तुझ्या गाडीतून नाय होणार."

घरी आल्यावर मी ह्यांना लई बोलले. म्हटलं, जा, आत्ताच्या आत्ता जा अन् पाया पडा त्याच्या. तर म्हणाले, "कशाला? टप गळतोय की नाय? आधी गळती सापडू दे, मग बघू कोण कुणाच्या पाया पडतो ते."

झालं, गळती शोधायला सुरुवात. मला टॉर्च देऊन मागच्या शिटावर बसवलं, टप लावला अन् हे बाहेरून बादल्यांवर बादल्या ओतायला लागले.

"दिसतंय का?"

"नाय."

"नीट बघ, शिवणीवर बघ."

"मान मोडली माझी बघून बघून. एक थेंब नाय."

थेंब खरंच नव्हता. पण थोड्या वेळानं मला बसल्या जागी गार लागायला लागलं. उठून बघते तर नेसूचं पातळ भिजलेलं! म्हटलं, "अहो, पाणी वरून नाय, खालून येतंय."

"गाडी हाय का विहीर, खालून पाणी यायला? तुला दिसत नाय म्हणून काहीपण सांगू नको."

घ्या! ओली मी, अन् अक्कल मला शिकवतात.

मग ह्यांनी दारांची रबरं बदलली. गळती होती तशीच. काचेच्या कडांना लांबीचा लगदा भरला, तरी पाणी आलं. मग ह्यांना काय सुचलं, चांदपाशाच्या शिवणीवर वरून डांबर फासलं. इतका देखणा टप, त्याच्यावर काळे ओघळ! गाडीत बसलं की डोकं भणभणायचं. अन् मध्ये पाऊस आला की सकाळी शीट पुन्हा लदलद ओलं, कुबट वास मारणारं. हे शिटावर मुठी आपटायचे, गाडीला आईबहिणीवरून शिव्या द्यायचे, मग तिलाच फडक्यानं पुसायचे. मला ह्यांची कीव यायची अन् रागही यायचा, एकाच वेळी.

शेवटी औरंगपुऱ्यातल्या एका कारागिराकडून सगळा टपच नवा घालून आणला. छाती काढून हे बाजारातून गाडी फिरवून आले, मुद्दाम चांदपाशाच्या दुकानासमोर हॉर्न वाजवून. मला लाज वाटली त्या हॉर्नची. रात्री पाऊस झाला. सकाळी मी शिटावर हात दाबला, तर बोटांतून पाणी वर आलं.

मी म्हटलं, "आता काय? नवा टपवालाही मेण खातो का?"

"दोघंही तसलेच," हे म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

त्याच दिवशी सगीरा मागच्या दारानं आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "भाभी, राहत दोन घास धड खात नाय. काकाच्या गाडीतून नाय गेली तर हौसच नाय म्हणती. अन् तिचे अब्बा नाव काढू देत नाय. तुम्ही काय तर करा ना." मी काय करणार होते? एक दगड इकडं, एक धोंडा तिकडं, अन् मधे पोरगी चिरडतेय. लग्न तोंडावर आलेलं.

हे औरंगपुऱ्याला कारागिराशी भांडायला गेले. मी रागारागात मागचं शीटच उपसलं, म्हटलं उन्हात तरी टाकू, घाण वास तरी जाईल. शीट निघालं, त्यामागची पाठही ओढून काढली, अन् मी बघतच राहिले.

टप मागं टाकला की घडी होऊन जिथं बसतो, तिथं शिटामागं पत्र्याची आडवी पन्हाळ हाय. त्या पन्हाळीत ज्वारी उगवली होती! चांगली बोटभर, उन्हाअभावी पिवळी पडलेली, दाटीवाटीनं.

अन् लख्ख उजेड पडला माझ्या डोक्यात. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या, कुंकवानं रंगवलेल्या. लग्न लागून नवरा-नवरी गाडीत बसले की शेल्यातून, केसांतून त्या शिटावर सांडतात, वरून माणसं टाकतात त्या वेगळ्या. वरात उतरली की मी केरसुणी घ्यायचे, तर हे हिसकावून घ्यायचे. "अक्षता केरसुणीनं लोटतात का? आशीर्वाद हाय तो. पायाखाली येता कामा नये." मग स्वतःच्या तळव्यानं गोळा करून त्या मागच्या पन्हाळीत सारायचे. तिथं कुणाचा पाय पडत नाय ना! टपावरून ओघळणारं पाणी त्याच पन्हाळीत यायचं अन् दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली रस्त्यावर जायचं. त्या नळ्या अक्षतांनी अन् झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च बुजल्या होत्या. पाणी जाणार कुठं? पन्हाळ भरली की आमच्या शिटात.

मी कशाला हात लावला नाय. हे आले, तेव्हा फक्त बोट दाखवलं.

ह्यांनी वाकून आत बघितलं. मग इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मी म्हटलं, "बोला ना. आता कुणाची चूक? ज्वारीची?"

ह्यांनी क्लचची जुनी तार आणून नळीत घातली, मागंपुढं केली. काळा चिखल निघाला, कुजकी फुलं, फुगलेली ज्वारी निघाली. दुसरी नळीही तशीच साफ केली. मग पन्हाळीत तांब्याभर पाणी ओतलं, ते भळाभळा गाडीखाली पडलं. शिटाकडं एक थेंब आला नाय. इतक्या दिवसांचा वनवास, अन् उपाय तांब्याभर पाण्याचा! ह्यांनी गाडीच्या पायरीवर बसून डोकं धरलं.

थोड्या वेळानं म्हणाले, "तू सगीराला सांग ना, म्हणावं गळती सापडली."

"मी नाय सांगणार. बाजारात बोललात, बाजारात जा."

गेले. ओंजळीत ते पिवळे कोंब घेऊन गेले. मी मागं अंतर ठेवून चालले, कारण अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरतील अशी मला खात्री होती. दुकानासमोर जाऊन उभे राहिले. चांदपाशानं मशीन थांबवली नाय.

"चांद, नळ्या बुजल्या होत्या. माझ्याच हातानं. तुझी शिवण चांगली होती."

चांदपाशा खाली बघत म्हणाला, "आवाज नाय आला."

"तुझी शिवण गळत नव्हती!"

"बँडवाल्यांना नाय ऐकू आलं."

ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, आता ओंजळ फेकतात अन् चालू लागतात. तर हे रस्त्याच्या मधोमध गेले अन् बाजाराकडं तोंड करून ओरडले, "ऐका रे सगळे! चांदपाशानं मेण वाचवलं नाय. मी खोटं बोललो. माझी चूक हाय, माझी!"

लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला मी तो शब्द ह्यांच्या तोंडून. माझेच डोळे भरून आले.

चांदपाशानं मशीन थांबवली. बाहेर येऊन ओंजळीतले कोंब बघितले, मग गाडीवरचा नवा टप आठवून तोंड वाकडं केलं. "त्यो औरंगपुऱ्याचा बारदाना आधी उतरव," म्हणाला. "माझ्या लेकीच्या डोक्यावर दुसऱ्याची शिवण नाय चालायची."

श्रावणात राहतची रुखसत निघाली, ती आमच्याच गाडीतून. चांदपाशानं शिवलेला नवा टप वर ओढलेला, कारण आभाळ भरलं होतं. मागं नवरा युसूफ, मधे राहत, अन् पाठराखीण म्हणून मी. नवरीचा बाप गाडीत बसत नाय, सगळ्यांनी सांगितलं. पण चांदपाशा पुढं ह्यांच्या शेजारी चढलाच. "बाप म्हणून नाय, टपवाला म्हणून बसतोय," म्हणाला. छावणी सुटली अन् पाऊस आला, चांगला दणक्यात. दोघांचे कान टपाकडं. चांदपाशा सारखा मागं वळून शिवणी बघत होता, हे आरशातून शीट बघत होते. मधे बसलेल्या पोरीकडं मात्र एकाचीही नजर नाय.

एकदम चांदपाशा ओरडला, "बद्री! शिटावर थेंब हाय! गळतंय!"

ह्यांनी कचकन ब्रेक दाबला. दोघंही मागं वळले, शीट चाचपायला लागले. "तुझी शिवण!" "तुझ्या नळ्या!" पुन्हा तेच सुरू.

मग माझं डोकंच फिरलं. युसूफचीही लाज धरली नाय मी. "आग लागो तुमच्या टपाला! डोळे फुटले का दोघांचे? पोरगी रडतेय ना, मेल्यांनो!"

दोघांचे हात शिटावर तसेच राहिले. राहतनं ओढणी तोंडावरून बाजूला केली अन् एकेकदा दोघांकडं बघितलं. "अब्बा," म्हणाली, "काका, थोडा वेळ गाडी इथंच राहू द्या ना."

ह्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग हे अन् चांदपाशा, दोघंही पुढं तोंड करून रडत बसले.