एका हाकेला ओ

फोन एकदाच वाजला. दुपारचे साडेतीन वाजले असतील. मुरबाडला आमच्या गच्चीवर मी तांदळाचे पापड वाळत घालत होते आणि दोन्ही हात चिकाने भरलेले होते. पडद्यावर दादाचं नाव दिसलं, एक रिंग झाली आणि बंद. काम असेल तर करील पुन्हा, म्हटलं. त्याचं ते नेहमीचंच होतं. फोनवर बोलायचा त्याला भारी कंटाळा, नुसते मिसकॉल द्यायचा. एक आला की ‘उगाच’, ओळीने तीन आले की ‘फोन कर’, असा आमचा कायदाच होता. पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच्याच नंबरवरून फोन आला आणि यावेळी वाजतच राहिला. आवाज मात्र जानूकाकांचा, दादाच्या दुकानाशेजारच्या शिंप्याचा. “मंगल, ये गो तू शहापूरला. भाऊ खुर्चीतून उठतच नाय… फोन त्याच्या मुठीतच व्हता.”

त्याला आता दीड महिना झाला.

तीन हाकांचा कायदा आमचा नव्हे, आईचा. आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याचं, घरामागे लगेच रान. तिन्हीसांजा झाल्या की आई बजावायची, “एका हाकेला ओ देऊ नको गो. माणूस तीनदा हाक मारतो. रानातलं एकदाच मारतं.” दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा आणि पक्का आगाऊ. सरपणाला फाट्या गोळा करायला गेलो की तो एखाद्या ऐनाच्या झाडाआड लपायचा आणि हळूच एकदाच हाक मारायचा… “मंगल गो…” मला माहीत असायचं की तोच आहे. तरी अंगावर काटा यायचा आणि तोंडातून ओ निघायची नाही. मग तो पोट धरून हसत बाहेर यायचा. मी त्याला फाटी फेकून मारायची.

पुढे त्याने शहापुरात एसटी स्टँडच्या मागे कंप्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. लग्नाआधी चार वर्षं मीही तिथे बसले, म्हणून मला स्क्रूड्रायव्हर धरता येतो. गिऱ्हाइकाला तो कीर्तनकाराच्या थाटात सांगायचा, “दुसरी कॉपी ठेवा, डिस्क काय अमरपट्टा घेऊन येत नाय.” आणि आई गेली त्याच्या आदल्या वर्षी तिला ओसरीवर बसवून, लग्नात ती गायची ते धवळे त्याने रेकॉर्ड केले, ते मात्र एकाच जुन्या हार्ड डिस्कवर. कॉपी उद्या करू, उद्या करू. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या डिस्कला त्याने नाव दिलं होतं ‘आई’. ती गेल्यावर ऐकताना धवळा संपला की मी लगेच बंद करायची, पुढे ऐकवायचं नाही. तो चिडवायचा, “शेवटपर्यंत ऐकत नायस तू कधी.”

ती डिस्क म्हातारी झाली होती. मशीन रीस्टार्ट केलं की हटकून गायब व्हायची. मी घाबरायची, तो शांत. “रीस्टार्ट म्हणजे अर्धवट झोपेतल्याला हलवणं. पुरती निजू दे, मग उठव. आणि आईचीच ती, पहिल्या हाकेला ओ देईल व्हय? तीन हाका मार.” पूर्ण बंद करायचं, वायर काढायची, दहा मोजायचे, चालू करायचं… असं तीनदा. तिसऱ्यांदा ती यायचीच. रीस्टार्टमध्ये तिची वीज तुटत नाही, म्हणून अडकली की अडकलेलीच; आणि बंद करून उठवली तर वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर मशीन ‘आहेस का’ विचारून पुढे जातं, एवढंच ते. पण सांगायचा असा, की मी डिस्ककडे जरा जपूनच बघायची.

तेरावं झाल्यावर जानूकाकांनी चावी हातात देताना म्हटलं, “आतलं मशीन बंद करायचं राह्यलंय गो. लाईट जाते, येते… आली की आत टीं वाजतं, पंखा फिरतो. आमाला वाटतं भाऊच आलाय.” लाईट आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, असं दादानेच लावून ठेवलं होतं. म्हणजे तेरा दिवस ते बंद दुकानात उठत होतं, डिस्कला हाक मारत होतं, ओ येत नाही म्हणून गप्प बसत होतं. शटर वर केलं तेव्हा पडदा उजळलेलाच होता. ‘आई’ नव्हती.

मी मशीन बंद केलं आणि तशीच परत आले. हिंमतच झाली नाही. मिसकॉल देणाऱ्या माणसाचा आवाज कुठे उरतो? माझ्याकडे त्याचं एक वाक्य नाही. जे काही होतं ते त्या डिस्कवर, आईच्या धवळ्यांमध्ये ‘हं, पुढचा म्हण’ एवढंच.

गेल्या आठवड्यात मात्र गेले. डबा उघडला, केबल बदलली, दुसऱ्या खाचेत लावून बघितली. विंडोजच्याही आधी येतो त्या बायोसच्या पडद्यावर शोधलं, तिथेही नाव नाही. मग त्याच्यासारखा स्क्रूड्रायव्हरचा दांडा डिस्कवर टेकवून दुसरं टोक कानापाशी धरलं. आत टक्… टक्… वाजत होतं. अशी वाजली तर जबरदस्ती करू नको, एखादी खेप शेवटची ठरते, हेही त्याचंच. बाहेर तिन्हीसांजा झाल्या होत्या. मी वायर काढली, दहा मोजले. पहिली हाक. नाही. दुसरी… टकटक थांबली आणि काहीच ऐकू येईना. वाटलं, संपलं. माझ्याच हाताने संपलं. तिसऱ्यांदा बटण दाबताना मी चक्क बोलले, “ये ना गो आये.”

पडद्यावर ‘आई’ आली.

आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं, दोनदा. मग शेवटचा धवळा लावला. आई गायली, गाणं संपलं. माझा हात सवयीने पुढे गेला तो मी मागे घेतला. बांगड्या वाजल्या, आई गुडघ्यावर हात टेकून उठली, “चूल इझली बघ” म्हणत आत गेली. बराच वेळ नुसती ओसरी ऐकू येत होती. आणि मग अगदी कानाशी, हळूच…

“मंगल गो…”

मी दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. ती नव्हती. रेकॉर्डिंग तिथेच संपत होतं. शेजारी जानूकाकांचं शिलाई मशीन थांबलं होतं, पुढच्या बाकड्याशी दादाची खुर्ची माझ्याकडे वळलेली. त्या दुपारीही अशीच एकच हाक आली होती. माणसाची होती, आणि मी ती तीनदा येईल म्हणून पापड घालत बसले होते. अंगावर तोच जुना काटा आला. पण यावेळी मी थांबले नाही.

“ओ, दादा,” म्हटलं.