तावेत्तीचा गाल आणि जोडीचं औषध

तावेत्ती कुओप्पाला म्हणजे तोंडाला कुलूप. नदीतून ओंडके वाहून नेण्यात त्याचा उभा जन्म गेला. एकदा ओंडक्याखाली पाय चिरडला, तर घरी येऊन बायकोला एवढंच म्हणाला, "बूट काढ." आमच्या फिनलंडात अशा माणसाचं केवढं कौतुक! मी पडले नर्स, मला नुसती चीड येते.

त्याच्या डोळ्याखाली कॅन्सरचा फोड होता. डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन देऊन कापायला घेतलं, आणि हा गडी अर्ध्यातच उठला, गालाला कापूस दाबला आणि चालत घरी! डॉक्टर हबकलेच. म्हणाले, "पुन्हा असाच पळाला तर डोळा जाईल."

दुखलं म्हणूनच उठला असणार. पण बधिर करायचं औषध इतक्या लवकर उतरलं कसं? मला काही चैन पडेना. शेवटी त्याच्या घरी जाऊन थडकले. त्यानं मुकाट कॉफी ओतली.

"त्या दिवशी सकाळी काय केलं होतंत?"

"सौना."

"ऑपरेशनच्या आधी?"

"मग काय, डॉक्टरकडे घाण अंगानं जायचं?"

आता बोला! सौनाच्या कोंडलेल्या गरम वाफेत शेकून लालबुंद झालेला गाल, त्यात रक्त धो धो धावतंय. ते औषधाला टिकू देईल कशाला!

"आणि दुखायला लागलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

मी कपाळावर हात मारला.

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले, मग विचारात पडले. मागच्या वेळी त्याच्या हृदयाच्या गोळ्यांमुळे त्यांनी साधंच औषध दिलं होतं. आता हृदयाच्या डॉक्टरांना विचारून त्यात थोडंसं ॲड्रेनालिन घालायचं ठरलं. एक औषध बधिर करतं, दुसरं रक्तवाहिन्या आवळून धरतं. मग पहिल्याला तिथून लवकर हलता येत नाही.

ठरल्या दिवशी तावेत्ती सौना न घेता आला, चांगलाच ओशाळलेला. इंजेक्शन दिल्यावर आम्ही थांबलो. गाल हळूहळू पांढरा पडत गेला, पिठाचा हात लागल्यासारखा. मी आरसा धरला.

"हा माझा?" तो बघतच राहिला.

"तुमचाच. आणि ऐका, दुखलं तर सांगायचं. नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

काम लांबलं. कडेला अजून थोडं कापावं लागलं. तावेत्ती निवांत पडून होता. शेवटच्या टाक्यांना मात्र त्याची बोटं चादरीत रुतली. उठतोय आता हा!

"दुखतंय," तावेत्ती म्हणाला.

डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी आणखी थोडं औषध दिलं आणि राहिलेले टाके घातले. फोड मुळासकट गेला, डोळा वाचला. मला तर रडूच फुटलं.

तावेत्ती छताकडे बघत होता. मग म्हणाला, "एवढंच म्हणायचं असतं होय?"