राहतं घर

आमच्या वाडीच्या माळावर एक जुनी धावपट्टी आहे. विमान उतरणार ते पुढाऱ्याचं, तेही निवडणुकीत. एरवी तिथं शेरडं चरतात. तिचा पुढेमागे मोठा विमानतळ करायचा, असा लांबचा आराखडा निघाला आणि आमची वाडी नेमकी त्यात सापडली. वाडी उठेल तेव्हा राहत्या घराला नव्या गावठाणात जागा मिळणार होती. पडीक घराला काहीच नाही.

मोजणीवाले आले दिवाळीनंतर. आता मला सांगा, दिवाळीनंतर आमच्या वाडीत असतं कोण? निम्मी वाडी ऊसतोडीला गेलेली. आई-बाबाही कुलूप घालून, दारापुढं बाभळीच्या काट्या लावून गेले होते. मी तेव्हा माजलगावला कॉलेजात होते. रविवारी वाडीत आले, तर पंचायतीच्या फळ्यावर यादी आणि तीत आमच्या घरापुढं लिहिलेलं : बंद, पडीक.

माझं डोकंच फिरलं. पडीक? माझा जन्म झाला ते घर? तिथूनच आईला फोन लावला. ती उसाच्या फडात होती.

"कावून लिवलं असं?" ती एवढंच म्हणाली.

मी हरकतीचा अर्ज दिला. साहेब पुन्हा बघायला येणार, असा दिवस ठरला. मुकादमाशी भांडून आई एकटीच एसटीनं आली. पाचटानं हात सोलवटलेले. आल्या आल्या तिनं काट्या ओढून काढल्या, अंगण झाडलं, चूल पेटवली. मी तिला बजावलं, "बारा महिने इथंच असतो म्हणायचं, बरं का!"

"खोटं कावून बोलू?"

साहेब तरणा होता, बोलायला मऊ. "मावशी, सहा महिने घर बंद असतं, खरं ना?"

"असतं की."

मी कपाळावर हात मारला. झालं, गेलं घर!

आई शांतपणे म्हणाली, "साहेब, सकाळी तुमी हापिसात जाता, तवा घराला कुलूप लावता ना? मग तुमचं घर पडीक होतं का? आमचं हापिस लांब हाय, एवढंच."

साहेब हसला. चुलीकडं बघितलं, जुना शेरा खोडला आणि 'राहते घर' असं लिहिलं. चहाही घेतला.

दुपारी आई परत फडाकडं निघाली. कुलूप लावल्यावर मला म्हणाली, "चुना आन. दारावर लिव." ती सांगत गेली, मी लिहीत गेले : 'आम्ही कामाला गेलो आहोत. घर राहतं आहे.' तिला वाचता येत नाही. दोनदा वाचून घेतलं, मगच गेली. तेव्हापासून दरवर्षी आई-बाबा तोडीला निघाले की मी ही अक्षरं गिरवते. आराखडा अजून कागदावरच आहे.

यंदा दोघांचेही गुडघे गेले. तोडीला जाणं संपलं. दिवाळीनंतर मी घरी आले, तर आई चुन्याचं भांडं घेऊन उंबऱ्यावर बसलेली.

"अगं, यंदा तू घरातच आहेस की! कशाला लिहायचं?"

तिनं ओलं फडकं माझ्या हातात दिलं. "पयलं पुसून टाक. दुसरं ठळक कर."

मला रडूच आलं. पहिलं वाक्य पुसलं. उरलेलं गिरवून तिला नेहमीसारखं दोनदा वाचून दाखवलं.