पाटावर कोण बसणार

आमच्या घरात भाऊबीजेला पोरं ओळीनं पाटावर बसतात आणि पोरी एकेक करून ओवाळतात. गेल्या वर्षी आमचं थोरलं लेकरू पाटावर बसून मुसमुसत होतं. मी मोठा शहाणा, पोटदुखीचं औषध पाजलं. दुखणं पोटाचं नव्हतंच, हे कळायला मला सहा महिने लागले. "पप्पा, मी मुलगी आहे. मला ओवाळायचंय," एवढंच तिला सांगायचं होतं.

यंदा ती नऊ वर्षांची. दौंडहून गावाकडच्या घरी, कवठ्याला निघताना तिनं पिवळाजर्द फ्रॉक घातला. मला तो रंग अजिबात आवडला नाही, पण माझं कोण ऐकतंय. मी काखोटीला फाइल मारली. कुरकुंभला कंपनीत ऑडिट आलं की कागद लावून ठेवायचे, तीच खोड. कायदा, डॉक्टरांची चिठ्ठी, शाळेला दिलेला अर्ज, सगळं क्रमानं.

माझा थोरला भाऊ वाटच बघत होता. "नऊ वर्षांच्या लेकराला काय कळतंय? आन् शाळेच्या दाखल्यावर काय लिहिणार हायेस?"

"कायद्यात सोय हाय, दादा. लहान लेकरासाठी आई-बापांनी अर्ज करायचा."

"आन् उद्या तिचं मन बदललं तर?"

याचं उत्तर फाइलीत नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. झालं, जुंपली आमची. जिच्यासाठी भांडत होतो ती ताट धरून उंबऱ्याशी उभी होती. निरांजन विझलं तरी आम्हा दोघा शहाण्यांना पत्ता नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

आमचे वडील झेंडूच्या मळ्यातून नुकतेच आले होते. "आबा, आता तुम्हीच सांगा," दादा त्यांना म्हणाला. आबांनी सावकाश हातपाय धुतले, टोपी घातली आणि पोरांना सरकवून स्वतःच पाटावर बसले.

"बहीण गेली तवापासून मला कुणी ओवाळलं न्हाई," ते तिला म्हणाले. "वात पेटव आन् ये."

ती पहिल्यांदाच ओवाळत होती, कुंकू भुवईवर गेलं. मी पुसायला रुमाल काढला, तर आबांनी माझा हात झटकला.

दिवस मावळेपर्यंत ते तसेच गावभर हिंडले. कुणी विचारो न विचारो, सांगत सुटले, "नातीनं ओवाळलंय."